मंगळवार, सात ते दहा

पोलिसांच्या त्या खोलीत सिव एकब्लाद भेदरून बसली होती. तसं पाहिलं तर खोलीत भिण्यासारखं काहीच नव्हतं. एक टेबल, चार खुर्च्या, थर्मासमध्ये कॉफी, बशीत दालचिनीचे पाव. खिडकीबाहेर दुपारी साडेतीनलाच अंधारून आलं होतं, पण ऑक्टोबरच्या शेवटाला आमच्याकडे ते व्हायचंच. भीती होती ती टेबलावरच्या टेपरेकॉर्डरची. त्याचा लाल दिवा लागला की सिवला वाटायचं, आता आपण जे बोलू ते केनेतच्या अंगाशी येणार. केनेत तिचा एकुलता एक मुलगा, आणि तो याच इमारतीत वरच्या मजल्यावर कोठडीत होता. दोन दिवस झाले होते. भेट नाही, फोन नाही, साधी चिठ्ठीसुद्धा नाही. खुनाचा संशय असला की आमच्याकडे असंच असतं, आईलाही आत सोडत नाहीत.

समोर बसली होती इंगेला हेडवाल. या तपासासाठी खास स्टॉकहोमहून आलेली अधिकारी, पंचेचाळिशीची, मऊ आवाजाची, कॉफी ओतताना आधी पाहुण्याचा कप भरणारी. शेजारी यार्ल, आमच्याच गावचा पोलीस. हा धिप्पाड गडी लहानपणी शाळेच्या जेवणात सिवच्या हातचे खिम्याचे गोळे तीन-तीनदा मागून घ्यायचा. सिवनं तीस वर्षं त्या शाळेच्या स्वयंपाकघरात काढली होती. आज मात्र यार्ल तिच्याकडे मान वर करून बघत नव्हता.

"सिव, तुम्ही त्याच्या आई आहात," इंगेलानं बसल्या बसल्या सांगून टाकलं होतं. "तुमच्यावर बोलायची सक्ती नाही. नको वाटलं तर उठून घरी जा, कुणी काही म्हणणार नाही."

"घरी कशाला जाऊ? बोलायलाच तर आलेय!" सिव म्हणाली होती. "दोन दिवस ओरडून सांगतेय, तर तुम्ही लोक ऐकून घ्याल तर शपथ!"

झालं होतं असं, की सिव पोलिसांशी खोटं बोलली होती. तेही कशावरून, तर कपडे धुण्यावरून. हसू नका. आमच्या इमारतींत घरोघरी धुण्याचं यंत्र नसतं. तळघरात सगळ्यांची मिळून एक धुण्याची खोली असते. तिच्या दाराशी एक लाकडी फळा, फळ्यावर वारांची आणि वेळांची भोकं, आणि प्रत्येक घराचं आपापलं बोटाएवढं कुलूप. ज्या भोकात तुम्ही कुलूप अडकवलंत, ती वेळ तुमची. मग राजा आला तरी त्याला थांबावं लागेल. आणि नियम असा, की धुवायचं ते त्या इमारतीत राहणाऱ्यानंच. बाहेरच्यानं नाही, पोटचा पोरगा असला तरी नाही. नवरा सोडून गेला तर बाई चारचौघांत मान वर करून चालू शकते आमच्याकडे, पण धुण्याच्या खोलीत लबाडी केली म्हटलं, की जिन्यात कुणी हॅलोसुद्धा म्हणायचं नाही.

केनेतचा घटस्फोट झाला आणि तो पुलापलीकडे एका भाड्याच्या खोलीत राहायला गेला. तिथं धुण्याची सोय नव्हती. पोरगा मळके शर्ट घालून कामावर जातो हे काही सिवला बघवेना. तिची वेळ होती मंगळवारी सकाळी सात ते दहा. ती तिनं गुपचूप त्याला देऊन टाकली आणि स्वतः त्या वेळात तरणतलावावर बायकांच्या व्यायामाला जाऊ लागली. सहा महिने सगळं बिनबोभाट चाललं. मग तळमजल्यावरच्या वाल्डेमार रास्कला वास लागला. सत्तरीचा, काडीसारखा वाळलेला, जहाजावरचा निवृत्त इंजिनियर, जन्मभर यंत्रांवर खेकसलेला आणि आता माणसांवर खेकसणारा. त्यानं धुण्याच्या खोलीत चिठ्ठ्या चिकटवायला सुरुवात केली. 'बाहेरचे लोक इथे आपली घाण आणतात. मी त्यांना ओळखतो.' एका रविवारी तर त्यानं भर अंगणात केनेतला गाठलं. म्हणाला, "बायकोनं हाकललं, आता चड्ड्या धुवायला आईकडं येतोस होय रे?" केनेतनं त्याची कॉलर धरली. तिघांनी ते पाहिलं.

त्यानंतरच्या बुधवारी पहाटे रास्क बोटींच्या धक्क्याखाली पाण्यात सापडला. डोक्याला मागून मार होता. डॉक्टर म्हणाले, मेला तो मंगळवारी सकाळीच. गावभर एकच बोललं गेलं, म्हातारा रोजच्यासारखा आपली बोट बघायला गेला असेल आणि तिथं कुणीतरी त्याला गाठलं.

बुधवारी दुपारी यार्ल दारोदार चौकशी करत सिवकडे आला. एकटा आला असता तर पुढचं काही घडलंच नसतं. पण त्याच्या मागे इमारतीच्या मंडळाची अध्यक्षीण मायवूर लिदेन उभी होती, मदतीच्या नावाखाली, वहीपेन्सिल घेऊन.

"काल सकाळी धुण्याच्या खोलीच्या फळ्यावर तुमचं कुलूप होतं," यार्ल म्हणाला. "जाता-येता रास्क दिसला का? खाली कोण कोण होतं?"

मायवूरच्या भुवया वर गेल्या. त्या भुवया बघितल्या आणि सिवचं धाबं दणाणलं.

"मीच होते. दुसरं कोण असणार?"

"केनेत?"

"छे! केनेत कशाला येईल? दहापर्यंत मी एकटीच होते."

एका दमात बोलून गेली बाई. दार लावून घेतल्यावर तिला वर हुश्श वाटलं. आणि गुरुवारी सकाळी केनेतला कामावरून उचलून नेलं.

तेव्हापासून सिवच्या डोळ्याला डोळा नव्हता. तिला सारखं एकच दिसायचं. पोरगा बिचारा आत घसा फोडून सांगतोय, अहो, मी आईकडे धुणं धूत होतो, मी धक्क्यावर गेलोच नाही. आणि हे लोक त्याला सांगताहेत, तुझी आईच म्हणते तू नव्हतास. आपल्या एका फालतू खोट्यानं पोराचा एकुलता एक साक्षीदार आपणच मारला, हे मनात आलं की ती अंथरुणात उठून बसायची.

"म्हणजे बुधवारी तुम्ही खोटं बोललात, आणि आज खरं बोलताय," इंगेला म्हणाली.

"हो."

"बुधवारी तर अगदी ठामपणे सांगितलंत."

"मायवूर उभी होती ना तिथं!"

"माणूस मेला होता, सिव. आणि तुम्हाला भीती कुणाची, तर मायवूरची?"

"तुम्ही स्टॉकहोमच्या. तुमची नि मायवूरची गाठ पडलेली नाही अजून," सिव म्हणाली. यार्लला खोकला आला, तो त्यानं रुमालात दाबला.

इंगेला हसली नाही. तिनं एक कागद पुढं सरकवला. तरणतलावाच्या वहीत मंगळवारी साडेसातला सिवची सही होती.

"तुम्ही त्याला खोलीत सोडलंत किती वाजता?"

"सातला खोली उघडून दिली. सात-दहाला मी निघाले."

"परत कधी आलात?"

"साडेनऊ झाले असतील. व्यायाम झाल्यावर आम्ही कॉफी घेतो."

"म्हणजे दोन तासांच्या वर तुम्ही तिथं नव्हता. धक्का तुमच्या इमारतीपासून पाच मिनिटांवर. यंत्र चालू करायचं, जायचं, यायचं. यंत्राला कुठं कळतंय, समोर कुणी बसलंय की नाही?"

"तो जाणार नाही कुठं. माझा पोरगा आहे तो!"

"हा पुरावा नाही, सिव."

 सिवनं कॉफीचा कप उचलला आणि न पिताच खाली ठेवला.

"मी तुमच्या जागी असते तर मीही हेच केलं असतं," इंगेला हळू आवाजात म्हणाली. तिचं ते हळू बोलणंच जास्त भिववत होतं. खेकसली असती तर सिवनं दोन शब्द सुनावले तरी असते. "मुलगा अडकला, की आई काहीही सांगते. पण उद्या कोर्टात सरकारी वकील उभे राहतील आणि विचारतील, बाई, तुमचं कोणतं खोटं खरं मानू, पहिलं की दुसरं? केनेत त्या खोलीत होता असं तुम्ही म्हणता. तुम्हीच फक्त म्हणता. दुसऱ्या कुणी त्याला पाहिलं?"

"नाही. तो मागच्या दारानं येतो. कुणाला दिसू नये म्हणूनच तर."

"मग मी कशावर विश्वास ठेवू?"

आणि ती गप्प बसली.  टेप फिरत होती, तिची घरघर तेवढी ऐकू येत होती. वर कुठंतरी एक लोखंडी दार आपटलं, आणि ते केनेतचंच असं सिवच्या मनानं घेतलं.  बोल, काहीतरी आठव, ती स्वतःला सांगू लागली. तुझ्यामुळं अडकलाय, तूच सोडव. एवढी सकाळ तिथं घालवली पोरानं, एखादी तरी खूण असेलच ना?

"फरशी!" ती एकदम ओरडली. "अगं बाई, फरशी! माझ्या कशी नाही ध्यानात आली?"

"कसली फरशी?"

"यार्ल, सांग ना तू यांना. धुणं झालं की खोली साफ करून द्यावी लागते. झाडायचं, पुसायचं, वाळवायच्या यंत्राच्या जाळीतला कचरा काढायचा. केनेत कधी म्हणून करत नाही. जन्माचा आळशी. दर मंगळवारी मी येते आणि त्याच्या मागे मुकाट्यानं पुसते. पण त्या दिवशी मी साडेनऊला आले, तर पोरगा गुडघ्यांवर बसून ब्रशनं फरशी घासत होता! आरशासारखी लख्ख. यंत्रं पुढं ओढून त्यांच्या खालचंसुद्धा काढलं होतं त्यानं. ब्लीचचा वास तर असा, की डोळ्यांतून पाणी यावं. मायवूरला विचारा हवं तर. दुपारी ती मला मुद्दाम म्हणाली, सिव, इतकी स्वच्छ खोली मी वीस वर्षांत पाहिली नाही. मी आपलं थँक्यू म्हणून घेतलं. आता मला सांगा, सगळी फरशी अशी घासायला तास तरी लागतो की नाही? मग तो धक्क्यावर गेला कधी आणि आला कधी?"

इंगेलाची पेन्सिल थांबली होती.

"ब्रश कुठला होता?" तिनं विचारलं.

"माझाच. आणि बादली पण माझीच, निळी. दोन्ही माझ्या सिंकखाली आहेत, जा आणि बघा!" सिवच्या आवाजात आता जोर आला होता. ही बाई ऐकायला लागली होती! "आणि दाराशी चिंध्यांची विणलेली सतरंजी असते ना, ती पण धुतली त्यानं. वर्षानुवर्षं कुणी हात लावला नव्हता तिला. पण एकदा धुवून डाग गेले नाहीत, म्हणून मी ती घरी घेऊन आले, पुन्हा भिजवीन म्हणून. बाल्कनीत आहे."

"भिजवलीत?"

"कुठली भिजवतेय? गुरुवारपासून मला भान आहे का कशाचं?"

यार्ल उठला. खुर्ची मागं सरकल्याचा केवढातरी आवाज झाला. तो काही न बोलता बाहेर गेला, आणि काचेतून सिवला तो व्हरांड्यात अक्षरशः धावताना दिसला. तिला बरं वाटलं. जा बाबा, बघून ये, खात्री करून घे.

"तुम्ही आलात तेव्हा केनेत काय म्हणाला?" इंगेलाचा आवाज आणखी खाली आला होता.

"दचकला. म्हणाला, मम्मा, आत येऊ नको, ओलं आहे, घसरशील. मला वर पाठवलं कॉफी करायला. हात लालभडक झाले होते त्याचे, आणि थरथरत होते. त्या ब्लीचनं, दुसरं काय. मी क्रीम लावून दिलं."

बोलता बोलता सिव अडखळली. ते थरथरणारे हात तिला डोळ्यांपुढं दिसले. आपण क्रीम लावत असताना तो आपल्याकडे बघतच नव्हता, एकदाही नाही, हेही आठवलं.  पण तिनं ते तिथल्या तिथं दाबलं. भित्र्या मनाला काय, काहीही सुचतं.

"मग धुतलेले कपडे त्यानं नेले कसे?"

"गाडीतून. त्या दिवशी गाडी त्यानं मागच्या दाराला अगदी चिकटवून लावली होती. मी टोपली डिकीत ठेवायला गेले, तर म्हणाला, नको, मम्मा, डिकी भरलीय, हिवाळ्याचे टायर आहेत आत. मग आम्ही टोपली सीटवर ठेवली."

"टायर तुम्ही पाहिलेत?"

"बंद डिकीतले टायर कसे दिसतील?" सिव म्हणाली, आणि थोडं हसली. कितीतरी दिवसांनी हसली होती ती.

इंगेलानं टायरचं टिपून घेतलं. मग म्हणाली, "माझा तुमच्यावर विश्वास बसला, सिव. केनेत त्या खोलीत होता."

सिवला रडू फुटलं. दोन दिवस छातीवर बसलेला दगड कुणीतरी उचलला असं तिला झालं. तिनं नाक पुसलं, दालचिनीचा एक पाव उचलून सरळ खायलाच लागली, भूक अशी लागली होती की विचारू नका.

आमच्याकडे जबाब झाला की तो वाचून दाखवतात आणि बरोबर आहे का विचारतात. इंगेलानं वाचला. केनेत एकब्लाद हा मंगळवारी सकाळी सातपासून किमान साडेनऊपर्यंत इमारतीच्या धुण्याच्या खोलीत होता. त्यानं फरशी घासली. सतरंजी धुतली. गाडी मागच्या दाराशी होती. एकेका वाक्याला सिव मान डोलावत होती.

"बरोबर?"

"अगदी बरोबर. आणि तासभर घासत होता हेही लिहा. ते महत्त्वाचं आहे."

इंगेलानं तेही लिहिलं. खाली तारीख आणि वेळ घातली.

"मग आज सोडाल ना त्याला?" सिवनं पर्स उचलली. "बटाटे उकडायला टाकते जाऊन. तिथलं काय जेवला असेल कुणास ठाऊक."

 इंगेलानं दोन्ही हात टेबलावर ठेवले, आणि पहिल्यांदाच तिचा चेहरा दमलेला दिसला.

"सिव, एक गोष्ट आम्ही कुणाला सांगितलेली नाही," ती म्हणाली. "थोड्या वेळात तुमच्या घरी आमची माणसं बादली आणि सतरंजी न्यायला येतील, म्हणून आता सांगते. रास्क सापडला तेव्हा त्याच्याजवळ घरात घालायच्या सपाता होत्या. एक पायात, एक कोटाच्या खिशात कोंबलेली."

"सपाता?" सिव म्हणाली. "एवढ्या थंडीत धक्क्यावर सपाता घालून कोण..."

तिचं वाक्य तिथंच राहिलं. पर्स मांडीवरून घसरून खाली पडली, ती तिनं उचलली नाही. रास्क तळमजल्यावर राहायचा. तळमजल्यावरून सपाता घालून माणूस फार तर कुठं जाईल? चौदा पायऱ्या उतरून धुण्याच्या खोलीत. कोण धुतंय ते बघायला.  तोंडातला पावाचा घास तिला गिळवेना.

"केनेत काय सांगतोय?" तिनं विचारलं.  "तो काय म्हणतोय तुम्हाला?"

"तो म्हणतोय, मंगळवारी मी त्या इमारतीकडं फिरकलोच नाही. आपल्या खोलीत झोपलो होतो म्हणतो."

"आणि?"

"आणि तुम्ही बुधवारी जे सांगितलंत ते त्याच्याशी जुळत होतं. आमच्याकडे दुसरं काहीच नव्हतं. सोमवारी त्याला सोडावंच लागलं असतं." इंगेलानं जबाबाचा कागद जवळ ओढला. "दोन दिवस तो आम्हाला एकच सांगतोय, सिव. माझ्या आईला विचारा."

 व्हरांड्यात कुणाचे तरी बूट वाजले, एक गाडी घाईघाईनं सुरू होऊन निघून गेली. मग सिवनं तोंडातला घास रुमालात काढला, बाहीनं डोळे पुसले, खुर्ची टेबलाजवळ ओढली. शाळेतल्या मुलीसारखे दोन्ही हात समोर ठेवून ती ताठ बसली.

"मग परत विचारा ना," ती म्हणाली. "पहिल्यापासून विचारा. मंगळवारी खाली कोण होतं, असं विचारा मला."

इंगेला काही विचारेना.